ॲनिमेशनपटातली गाणी कथा ओढतात की पोट्टे उठवतात?

सतरंजी
दिवाळीनंतरच्या चार शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये चार ॲनिमेशनपट दाखवायचे आहेत. पाचवी ते आठवीची मुलं, पालक येतील तेवढे येतील. जिल्हा यवतमाळ, म्हणजे घरची बोली वऱ्हाडी, पुस्तकाची मराठी आणि पडद्यावरची हिंदी.

प्रश्न गाण्यांचा आहे. जुन्या सिनेमात पात्र मध्येच गायला लागतं आणि मागच्या रांगा पाणी प्यायला उठतात. मधल्या काळातल्या सिनेमांत पात्रं गातच नाहीत, गाणं मागून वाजतं. आता गाणी परत आलीत, पण अशी की सिनेमा न पाहिलेल्या पोरालाही पाठ असतात. माझं मत असं की गाणी कमी झाली की वाढली हा वादच नको. कथेनं त्यांना दिलेलं काम बदललंय, आणि बिनकामाचं गाणं लागलं की मुलं उठतात. हे पटत असेल तर असे चार सिनेमे सुचवा, ज्यांत तो बदल मुलांना आपोआप दिसेल. पटत नसेल तर तेही सांगा. शिवाय हॉलला टिनाचं छत आहे, गाण्यातले शब्द कळत नाहीत. त्यावर काही उपाय?

पऱ्हाटी
ताई, गान्यात उठते याचा अर्थ गानं खराब असा नाही. गानं म्हनजे इंटरवल, हे पोट्ट्यायले बापानं शिकोलं हाय. हिंदी पिक्चरची सवय हो. गानं लागलं का बाप बिडीले, पोट्टं भजेले.

चित्रचौकट
पऱ्हाटीभाऊंचं हसण्यावारी नेऊ नका. १९८९ च्या 'द लिटिल मर्मेड'च्या चाचणी खेळात नेमकं हेच झालं होतं. नायिका जलपरी माणसांच्या जगात जायची ओढ गाते त्या गाण्याला मुलं चुळबुळ करायला लागली आणि स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग ते गाणं कापायलाच निघाले. गीतकार हॉवर्ड ॲशमन अडून बसले. चाचणीत त्या प्रसंगाची चित्रं पूर्ण झालेली नव्हती. रंग आणि हालचाल आल्यावर तेच गाणं मुलं शांत बसून बघायला लागली.

ते गाणं काढून बघा. मग ही पोरगी आवाज गहाण टाकून पाय का घेते, याला कारणच उरत नाही. ॲशमन आणि संगीतकार ॲलन मेन्केन दोघंही रंगभूमीवरून आलेले. तिकडच्या संगीतिकेत पहिल्या वीसेक मिनिटांत नायकाला काय हवंय ते गाऊन सांगायची रीत आहे. ती त्यांनी पडद्यावर शिस्तीनं बसवली. ॲशमन मार्च १९९१ मध्ये गेले आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेला 'ब्यूटी अँड द बीस्ट' हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला ॲनिमेशनपट ठरला. तेव्हा सतरंजीताई, तुमच्या म्हणण्याला पुरावा आहे. फक्त मुलं उठली म्हणून गाणं बिनकामाचं, असा उलटा हिशोब करू नका.

तुरीचं कुटार
'शिस्तीनं बसवली' एवढंच म्हणा, नवीन काही आणलं नाही. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मध्ये ती सुरुवातीलाच विहिरीत डोकावून इच्छा गाते आणि विहीर प्रतिध्वनी देते. हवं-नको सांगणारं गाणं पहिल्यापासून आहे. पण त्याच सिनेमात बुटके हातपाय धुतात त्याचंही गाणं आहे. ते काढलं तर कथेचं काही बिघडत नाही, तरी मुलं सर्वांत जास्त तिथंच हसतात. त्याला काय म्हणायचं?

वडसेकर
त्याला मजा म्हणायचं. मजा हेसुद्धा कामच आहे.

ही चर्चा मराठी माणसानं शंभर वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं, 'सौभद्र' १८८२ चं. सौभद्रातली पदं काढा, पात्रं अर्ध्या वाक्यावर गप्प होतील, कारण बोलणंच पदात आहे. पुढं गायक नट मोठे झाले, वन्समोअर सुरू झाले, एकेक पद वाढत गेलं आणि कथा विंगेत उभी राहून वाट बघायला लागली. मग बोलपट आला, गद्य नाटक आलं, पदं गळाली. ॲनिमेशनपटानं हाच रस्ता घेतला. आधी गाणं बोलायचं, मग मिरवायला लागलं, मग लोक कंटाळले.

आमच्या झाडीपट्टीत मात्र गाणं गळालं नाही. धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. रात्री दोन वाजता मंडपातला माणूस जागा ठेवायचा तर गाणं लागतंच. गाण्याचं काम नुसतं संहितेवर ठरत नाही, प्रेक्षक कुठं आणि कसा बसला आहे यावरही ठरतं. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या पोराला दीड तासात तीनदा अंग मोकळं करायला लागतं. गाणं त्याला ती जागा देते.

निंबोणी
मला मधला काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. १९९५ चा 'टॉय स्टोरी' बघा. डिस्नेची तेव्हाची चाल पात्रांनी गायची होती, पण हे खेळणे गात नाहीत. रँडी न्यूमन यांची तीन गाणी आहेत, तिन्ही मागून येतात. चित्रातलं पात्र तोंड उघडत नाही, गाणं त्याच्या मनातलं बोलतं. १९९९ च्या 'टार्झन'मध्येही बरंचसं असंच, फिल कॉलिन्स गातात आणि टार्झन झाडावरून घसरतो.

मग २००१ चा 'श्रेक' आला. त्यानं आधीच गाजलेली पॉप गाणी उचलून परीकथेच्या नाकावर मारली. तिथं गाण्याचं काम चिमटा काढणं. पण तो चिमटा मूळ गाणं माहीत असणाऱ्यालाच लागतो. आपल्या वरुड-मोर्शीकडच्या पोराला ते गाणं नुसतं ढिंगचिक. यादीतून श्रेक वगळा असं माझं मत.

पऱ्हाटी
ढिंगचिक पन चालते बाप्पा. गाढव बोलते, अजून काय पायजे?

तुरीचं कुटार
निंबोणी, मागून वाजणारं गाणं कमी कामाचं असा सूर लावू नका. 'टॉय स्टोरी २'मध्ये जेसीची कहाणी एका गाण्यात आहे, संवाद नाहीत. पलंगाखाली पडलेली बाहुली, वर मोठी होत चाललेली मुलगी, आणि शेवटी दानाचा खोका. जेसी स्वतः गात नाही, गायिका सारा मॅकलॉक्लन. तरी ते गाणं काढलं तर जेसी परत एखाद्या मुलाच्या घरी जायला का घाबरते, कळणार नाही. काम आहे, फक्त तोंड हलत नाही.

२००९ च्या 'अप'मध्ये तर शब्दही काढून टाकले. लग्नापासून बायको जाईपर्यंतचा अख्खा संसार मायकेल जियाकिनो यांच्या एका वॉल्ट्झवर. ताईंच्या मुलांना तीन भाषांचा घोळ आहे ना? इथं भाषाच नाही.

दुसरी ओळ
भाषेचा घोळ निघालाच आहे तर थोडं डबिंगबद्दल. गाण्याचं काम बऱ्याचदा इथंच मरतं, आणि दोष मूळ सिनेमाचा नसतो.

संवाद डब करताना वाक्य अर्धा सेकंद पुढंमागं सरकवता येतं. गाण्यात ठोका ठरलेला आणि तोंडही ठरलेलं. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात. चित्रात ओठ मिटले आणि आपल्या ओळीत त्या ठिकाणी 'का' आला तर जवळच्या दृश्यात लगेच खटकतं. दूरच्या दृश्यात खपतं. म्हणून गीतकार आधी जवळची दृश्यं मोजतो, तिथली अक्षरं बांधतो आणि बाकी ओळ त्यांच्याभोवती विणतो. दुसरं म्हणजे ताणलेला सूर. 'फ्रोझन'मधल्या 'लेट इट गो'चा मुखडा 'ओ'वर उघडतो, तोंड गोल. तिथं ईकारान्त शब्द दिला तर ओठ फाकायला हवेत, चित्रात ते गोलच राहतात. शिवाय वरच्या पट्टीत 'ई' ताणताना गायिकेचा गळा आवळतो तो वेगळाच. तिसरं, आपलं क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत इच्छा ओळीच्या सुरुवातीला कळते, आपल्याकडं शेवटच्या ठोक्यावर. चांगला गीतकार त्याचा फायदा करून घेतो. घाईतला गीतकार शेवटी 'है' टाकून मोकळा होतो, आणि अख्खं गाणं है-है करत बसतं.

सर्वांत अवघड म्हणजे २०२१ च्या 'एन्कांतो'मधलं ब्रूनोचं गाणं. प्रत्येक पात्र त्या मामाबद्दल आपापली तक्रार वेगळ्या चालीत गातं आणि शेवटी त्यातल्या बऱ्याच चाली एकमेकांवर चढतात. म्हणजे एका ओळीचं अक्षर वाढवलं की चार ओळी बिघडल्या. साडेतीन मिनिटांच्या आसपासचं गाणं, आणि त्यात एवढी घरातली माहिती पेरली आहे की दुसऱ्यांदा ऐकताना डोलोरेसची ओळ पुढच्या कथेची खूण होती हे कळतं. २०२२ च्या सुरुवातीला हे गाणं बिलबोर्डच्या यादीत पाच आठवडे पहिलं होतं. ना प्रेमगीत, ना नायिकेची इच्छा. निव्वळ चुगली!

ताई, एक मात्र आधी तपासा. काही हिंदी आवृत्त्यांत संवाद हिंदी आणि गाणी मूळ इंग्रजीतच असतात. प्रत्येक सिनेमातलं मोठं गाणं शोधून हिंदी ट्रॅकवर मिनिटभर वाजवून बघा. गाण्यात कथा आणि गाणं इंग्रजीत असेल तर पोट्टे उठणारच.

मेळघाट मेल
एवढं सगळं झालं आणि मोगलीचं नाव कोणी घेत नाही? किपलिंगचं जंगल म्हणजे सिवनी, पेंचच्या पलीकडची बाजू. नागपूरहून जबलपूर रोडनं निघालं की ते गाव लागतं. आपल्या शेजारचं पोरगं आहे ते.

चित्रचौकट
घेऊ की. १९६७ चा 'जंगल बुक' गाण्यांच्या कामाचा चांगला नमुना आहे. अस्वलाचं गाणं म्हणजे जगण्याचं तत्त्वज्ञान, वरवर बघितलं तर कथा थांबलेली. पण अस्वल नदीत उताणं पडून गात असतानाच माकडं मोगलीला उचलतात. गाण्यातली बेफिकिरी हीच पुढच्या संकटाचं कारण. मुलांना हे सांगावं लागत नाही, ती ओरडून अस्वलाला सांगतात.

आपण मात्र मोगली म्हटलं की दूरदर्शनचा आठवतो. ती जपानी मालिका १९८९ ची, आपल्याकडं १९९३ मध्ये आली, हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं. शीर्षकगीताचं काम सिनेमातल्या गाण्यापेक्षा वेगळं. कथा सांगायची नाही, अंगणातल्या पोराला आत बोलवायचं.

वडसेकर
म्हणजे नांदीचं काम.

बिछायतवाला
ताई, तुमच्या टिनाच्या छताचं सांगतो. निम्म्या वेळा दोष छताचा नसून वायरीचा असतो.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढून मिक्सरच्या माइकच्या भोकात घुसवतात. ते भोक बॅलन्स्ड असतं. त्यात स्टिरिओ जॅक गेला की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. गायकाचा आवाज दोन्हीकडं सारखा असतो, म्हणून तोच कटतो. ढोल, व्हायोलिन, घुमारा सगळं वाजतं, गाणाराच गायब. लोक म्हणतात हॉल घुमतो. उपाय साधा. एका टोकाला लहान स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या मोनो पिना अशी वायर घ्या, दोन वेगळ्या चॅनलला लाईन इनमध्ये लावा.

दुसरं, दोन डब्यांपैकी, म्हणजे स्पीकरपैकी, एकाची लाल-काळी वायर उलटी जोडली असेल तर आवाज पोकळ होतो, बेस पडतो. कोणाचं नुसतं बोलणं लावा आणि दोन्ही डब्यांच्या बरोबर मधात उभे राहा. आवाज समोरून न येता चहूकडून आल्यासारखा वाटला तर एकाच डब्याची वायर पलटवा.

तिसरं, फाईल पाच-पॉइंट-एक, म्हणजे सहा चॅनलच्या आवाजाची असेल तर बोलणं आणि गाणं मधल्या चॅनलला असतं. प्लेअरला आवाज स्टिरिओवर उतरवायला सांगा, नाहीतर मधला चॅनल वाऱ्यावर. ॲम्प्लिफायरवरचं थ्रीडी, सराउंड जे बटण असेल ते बंद.

आता छत. १०० हर्ट्झच्या खालचं कापा, टिन तिथंच थरथरतं. दोन ते चार हजार हर्ट्झ जरासं उचला, शब्दाची धार तिथं असते. डबे उंच टांगून छताकडं तोंड करू नका, बसलेल्या पोरांच्या डोक्याच्या थोडं वर, तोंड खाली. मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या टांगा. हॉल रिकामा असताना आवाज लावून ठेवला तर मुलं भरल्यावर परत लावावा लागेल, मुलं आवाज पितात.

ब्लूटूथ डबा आणूच नका. आवाज मागं पडतो, तोंड आधी हलते.

चित्रचौकट
शेवटच्या ओळीला आकडा जोडतो. सिनेमाच्या एका सेकंदात २४ चौकटी. ब्लूटूथचा उशीर २०० मिलिसेकंद धरला तर पाच चौकटी झाल्या. ॲनिमेटर तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन चौकटी आधीच देतो, कारण तसंच नैसर्गिक दिसतं. त्यात या पाच मिसळल्या की गाणं सरळ सरळ तोंडावेगळं होतं. ब्लूटूथशिवाय इलाजच नसेल तर संगणकावरच्या व्हीएलसीमध्ये 'जे' दाबल्यावर आवाज ५० मिलिसेकंद अलीकडं सरकतो. चारदा दाबा आणि ओठ मिटण्याच्या जागा बघून जुळवा.

निंबोणी
मुलांकडूनच एखादं गाणं ॲनिमेट करून घेता येईल का? भुलाबाईचं? मोबाईलवर फोटो काढून करतात तसं. नुसतं बघण्यापेक्षा गाण्याचं काम त्यांना हातानं कळेल.

चित्रचौकट
येईल, पण गाणं आधी, चित्र नंतर. हा क्रम उलटा केला की सगळं फसतं. मोठ्या सिनेमातही गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, मग प्रत्येक ठोका चौकटीत मोजून तक्त्यावर मांडतात आणि मग पेन्सिल हातात घेतात.

मोबाईलवर सेकंदाला १२ फोटो पुरे. ४० सेकंदांचं गाणं म्हणजे ४८० फोटो. घाबरू नका, गाण्याचा फायदाच हा की हालचाल परत येते. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरा. ७२० भागिले ९०, एका ठोक्याला आठ फोटो. फेर धरून टाळी देण्याचं एक आवर्तन चार ठोक्यांचं केलं तर ३२ फोटोंत ते पूर्ण. तेच परत परत वापरा, मध्ये खिरापत ओळखण्याचा प्रसंग तेवढा नवीन काढा. मूळ मेहनत दीडशे फोटोंच्या आत येते. लय १०० घेऊ नका, ठोक्याला ७.२ फोटो येतात आणि टाळी दर आवर्तनात थोडी घसरते. ९० नाहीतर १२०.

बिघडतं कुठं ते सांगतो. मुली गाता गाता जलद होतात. ९० वर सुरू केलेलं गाणं शेवटच्या कडव्याला ११० वर गेलं की आठऐवजी साडेसहा फोटोंचा ठोका, आणि टाळी हवेतच राहते. पुढं गाणाऱ्या मुलीच्या एका कानात इअरफोन देऊन तबल्याच्या ॲपवर ठेका लावा, बाकीच्या तिच्यामागं. दुसरं, मोबाईलचा प्रकाश आणि फोकस दोन्ही लॉक करा, नाहीतर दर फोटोत उजेड लुकलुकतो. खिडकीचा उजेड नको, ढग आला की चित्र काळवंडतं. मोबाईल स्टँडला पक्का बांधा आणि बटण बोटानं न दाबता इअरफोनच्या बटणानं दाबा. कागदी बाहुल्यांचे सांधे दोऱ्याच्या गाठीनं जोडा. पिन वापरली तर ती चमकते.

तोंडं हलवायच्या भानगडीत पडू नका. भुलाबाईत सगळ्या मिळून गातात, एकीचं तोंड दाखवायची गरजच नाही. टाळी जुळली की गाणं जुळलं.

पऱ्हाटी
खिरापत खरीच वाटजा शेवटी. नावं संपेपरेंत एक पोट्टं हालनार नाही.

तुरीचं कुटार
परदेशी गाड्यातून आता आपल्या गाडीत या. २००५ च्या 'हनुमान'मधलं हनुमानाच्या गौरवाचं गाणं, १९९२ ची जपानी सहकार्यानं झालेली रामायणाची कथा, २०२५ चा 'महावतार नरसिंह'. यांत गाणं पात्राची इच्छा सांगत नाही. देवाला काय हवं असणार? तिथं गाणं प्रेक्षकाचं असतं. पडद्यावर प्रसंग घडतो आणि गाणं हॉलमधल्या माणसाला जयजयकार करायला जागा देतं. ॲशमनची कसोटी, म्हणजे गाणं काढून कथा लंगडते का बघायचं, इथं लावली तर सगळी गाणी नापास होतील. तरी कोणी उठत नाही.

सतरंजीताई, म्हणून तुमचं सूत्र अर्धंच लागू पडतं.

सतरंजी
तुरीचं कुटार, मान्य. 'कथेनं दिलेलं काम' ऐवजी 'हॉलमध्ये दिलेलं काम' म्हणते. पण मग 'कोको'चं काय करायचं? तिथं एकच गाणं पुन्हा पुन्हा येतं आणि प्रत्येक वेळी त्याचं काम वेगळं.

दुसरी ओळ
तोच बदलाचा कळस आहे. २०१७ चा. 'लक्षात ठेव' असं सांगणारं गाणं आधी झगमगाटात येतं, मोठा गायक मिरवत गातो, आपल्याला ते उथळ वाटतं. नंतर तेच बाप लेकीसाठी पलंगाशेजारी हळू गातो आणि कळतं की ते मुळात तिच्यासाठीच होतं. शेवटी पणतू तेच विसरत चाललेल्या पणजीसमोर गातो. शब्द तेच, लय आणि पट्टी बदलली. मुखडा बापलेकीतच शोभेल असा बांधला नाही, तर गर्दीत नेल्यावर त्याचा पोकळपणा दिसत नाही. हिंदीतही तो मुखडा तिन्ही ठिकाणी जशाच्या तसा राहायला हवा. एका ठिकाणी शब्द बदलला की सिनेमा गेला.

पितरांचे फोटो मांडून त्यांना घास ठेवायचा, कोणी आठवणारं उरलं नाही की ते पितर नाहीसे, हे आपल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. पितृपक्ष नुकताच होऊन गेलेला असेल.

निंबोणी
आणि २०१८ च्या स्पायडरमॅनमध्ये माइल्स हेडफोन लावून गाणं गुणगुणतो, शब्द येत नाहीत तिथं नुसतं ऊं-ऊं करतो. तेवढ्यातच तो कसा पोरगा आहे ते कळतं. २०२५ च्या 'केपॉप डीमन हंटर्स'मध्ये तर नायिका गायिकाच आहेत, गाऊनच राक्षसांची वाट अडवतात. पात्र मध्येच का गातं, हा प्रश्नच मिटवला. आजच्या मुलांना अचानक गाणं खोटं वाटतं, पण गायकानं गायलेलं खरं वाटतं.

मेळघाट मेल
कायद्याचं कोणी बोललं नाही. शाळेत शिक्षक, विद्यार्थी आणि पालक एवढ्यांपुरता सिनेमा शाळेच्या उपक्रमात दाखवला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ (१) (जे) मध्ये सूट आहे. गावात भोंगा फिरवून सगळ्यांना बोलावलं किंवा तिकीट लावलं की ती सूट गेली. ओटीटीच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचून घ्या.

पऱ्हाटी
म्हनजे मी आलो तं गुन्हा? मायं पोट्टं सहावीत हाय, मी पालक म्हनून येतो.

सतरंजी
या भाऊ, चिवडा घेऊन या.

क्रम असा लावते. पहिल्या शनिवारी आधी १९७४ चा 'एक अनेक और एकता', फिल्म्स डिव्हिजनचा, सातेक मिनिटांचा. त्यात गाणं काढलं तर सिनेमाच उरत नाही. लगेच त्यानंतर 'जंगल बुक'. दुसऱ्या शनिवारी 'लायन किंग', इच्छेच्या गाण्यासाठी. तिसऱ्याला 'टॉय स्टोरी'. चौथ्याला 'कोको'.

तुरीचं कुटार
'लायन किंग' ठेवा, पण छाव्याच्या गाण्याकडं मुलांचं लक्ष द्या. राजा व्हायची घाई तो गाऊन सांगतो आणि त्याच घाईपायी संकटात सापडतो. अस्वलाच्या गाण्याशी जोडून विचारलं तर आठवीची मुलं स्वतः बोलतील. 'कोको' १०५ मिनिटांचा आहे, बाकीचे ९० च्या आत. पाचवीच्या मुलांना त्या दिवशी पुढं बसवा.

वडसेकर
'एक अनेक'ला संगीत वसंत देसाईंचं आहे हे मुलांना सांगा. दिग्दर्शन विजया मुळे, ॲनिमेशन भीमसेन. देसाई, मुळे अशी मराठी नावं ऐकली की मुलं पाटीवर लिहून घेतात.

पऱ्हाटी
वन्समोअर देता येते का त्याले? सात मिनटाचंच हाय.

सतरंजी
देऊ की. एकच अडचण राहिली. शनिवारी दुपारी लाईटचा भरवसा नाही. प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर चालेल का?

बिछायतवाला
वॅट बघून घ्या. प्रोजेक्टरच्या मागच्या पट्टीवर लिहिलेले असतात, ३०० च्या आसपास निघतात. इन्व्हर्टर शुद्ध साईन वेव्हचा असेल तरच लावा. स्क्वेअर वेव्हवाल्यावर ॲम्प्लिफायर भुणभुण करतो, आणि हळू गायलेलं गाणं त्या भुणभुणीत जातं. जनरेटर घेतला तर हॉलच्या मागं, खिडकी नसलेल्या भिंतीकडं, केबल लांब. आणि लाईट गेली की प्रोजेक्टरचा दिवा लगेच परत लावू नका, पाच मिनिटं थंड होऊ द्या.